लायसन्स आलं, पण बटण दाबवत नाही

प्रश्न: हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर बिनतारी सेटवर बोलायचं, लायसन्स मिळून चार महिने झाले, हातातला सेटही घेतला, पण रोज नुसतं ऐकत बसतो. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यात आपण मध्येच काय बोलायचं? एकदा धीर करून कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेली ओळखीची अक्षरं-आकडे) दिला तर कुणी उत्तरच दिलं नाही.

उत्तर: अहो, उत्तर आलं नाही म्हणजे तुम्ही नको होतात असं अजिबात नाही, बहुतेक तुमचा आवाज पोचलाच नसेल! रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून लांबवर पुढे पाठवणारं यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो नि दुसरीवर बोलतो, त्यामुळे सेटमध्ये ऑफसेट (त्या दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक) आणि टोन (रिपीटर उघडणारा बारीक स्वर) दोन्ही बरोबर टाकावे लागतात, टोन चुकला की तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं पण तुमच्यासाठी रिपीटर उघडतच नाही, नवीन माणूस इथेच हमखास अडकतो आणि उगाच मनाला लावून घेतो. अजून एक, बटण दाबल्या दाबल्या बोलू नका, सेकंदभर थांबा, नाहीतर कॉलसाइनची पहिली अक्षरं कापली जातात.

सुरुवात नेटपासून करा, म्हणजे रेडिओवरच सगळे जमतात त्या बैठकीपासून. ठरलेल्या वेळी एक जण नाव पुकारत जातो, तुम्ही कॉलसाइन, नाव नि "पहिल्यांदाच बोलतोय" एवढं सांगायचं, बास. कागदावर लिहून समोर ठेवा, मीही तसंच केलं होतं.

आणि जुन्या मंडळींना कळकळीची विनंती, अनोळखी कॉलसाइन ऐकू आला तर गप्पा थांबवून आधी त्याला उत्तर द्या हो, नुसतं "आवाज स्वच्छ येतोय" म्हटलं तरी तो उद्या परत येतो.