घरात वाढवलेली धामणीची पिल्लं रानात सोडावीत का?

नाही. हे 'नाही' मी पाच वर्षं माझ्या मावसभावाला सांगतोय, त्यामुळे जरा लांबेल.

ओळखीच्या एकानं धामणीची जोडी पाळली, पिल्लं घरातच झाली, वर्षभर पोसली, आता देशीच साप म्हणून रानात सोडू का, असा तुमचा प्रश्न. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळचे. वीटभट्टीचा जुना ढीग हलवताना बायांना अकरा अंडी सापडली. मादी उसात निसटली. मी आणि भाऊ तेव्हा सर्पमित्र म्हणून मिरवायचो. अंडी होती तशी उचलली, वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली, कारण सापाचं अंडं उलटं झालं तर आतला जीव जाऊ शकतो. डबा मी पत्र्याच्या खोलीत ठेवला, ही चूक माझी. उष्म्यानं दोन अंडी गेली आणि एका पिल्लाच्या शेपटीचं टोक वाकडं निघालं.

जूनअखेर अंडी फुटली. पिल्लू कवचाला चीर पाडून तोंड तेवढं बाहेर काढतं आणि तसंच तासन्‌तास बसतं, उंबऱ्यात बसून पाऊस बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. बोट जवळ नेलं की आत. पोटात बलक असतो, पहिली कात टाकेपर्यंत खाण्याची घाई नसते.

मी म्हटलं, उद्याच भट्टीमागं सोडू. भाऊ म्हणाला, "एवढ्याशांना सोडून काय करायलास? मुंगूस खाईल की!" खाऊ दे. धामण दहा-बारा अंडी घालते ती सगळी जगावीत म्हणून नाही. शेवटी पाच मी सोडली, चार त्यानं ठेवली. वाकड्या शेपटीचं त्यातच.

आठ महिने त्यानं चिमट्यानं मेलेली उंदराची पिल्लं भरवली. सापाला माणसाचा लळा लागत नाही, पण झाकण वाजलं की खाणं येतं एवढं कळतं. भाऊ त्याचे व्हिडिओ काढायचा. मार्चमध्ये सोडली. पंधरा दिवसांनी ऊसतोडीच्या माणसांनी एक ठेचली. धामण चाहूल लागली की सुसाट पळते. ही जेवणाचा डबा उघडणाऱ्या बाईकडे सरळ चालत आली होती म्हणे. मी जाऊन शेपटी बघितली. टोक वाकडं.

भाऊ म्हणतो, योगायोग. वर त्याचं ठरलेलं: सरकारनं १९७५ पासून मगरी-सुसरींची अंडी उबवून, पिल्लं वाढवून नद्यांत सोडलीच की! सोडली. सुसरी तेव्हा संपत आल्या होत्या. धामण आमच्या बांधाबांधावर आहे, चार पाळीव सोडून तिचं काय भलं होणार? उलट डब्यातले गोचीड आणि रोग रानातल्यांना.

'देशी आहे' हे कारण तर मला मुळीच पटत नाही. आमच्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस थांबत नाही आणि अथणीला पडत नाही. तस्करांकडून सोडवलेलं मांडूळ भीमगडच्या ओल्या जंगलात सोडलं तर फोटो झकास येईल, पण त्याला भुसभुशीत कोरडी माती लागते. कर्नाटकातल्या आगुंब्याच्या जंगलात अभ्यासकांनी सापांना रेडिओ ट्रान्समीटर लावून पाहिलंय, रानातला नागराजसुद्धा (किंग कोब्रा) लांब नेऊन सोडला की भलतीकडे भटकत सुटतो. मग डब्यात वाढलेल्याची काय कथा.

आता तुमच्या ओळखीच्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं धामण पाळणंच गुन्हा आहे, गुपचूप सोडून तो मिटत नाही. फॉरेस्टवाल्यांना सांगा, जोडी आणि पिल्लं त्यांच्या ताब्यात द्या. नुसती अंडी सापडली असतील तर गोष्ट वेगळी: शक्यतो हलवू नका, हलवावीच लागली तर आधी त्यांनाच कळवा आणि पिल्लं निघाल्यावर आठवड्याच्या आत, उचलली तिथंच सोडायला लावा. आम्ही तेव्हा कुणालाच कळवलं नव्हतं, हेही लिहून टाकतो.

माझी पाच जगली का, हे भाऊ दर नागपंचमीला विचारतो. त्यांच्या शेपट्या सरळ होत्या, ओळखणार कशी?