मागच्या सीटचंही ऐका

प्रश्न: पुणे–गोवा, आम्ही दोघं आणि सामान. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिअर ६५० बाइक घ्यावी की हिमालयन ४५०?

उत्तर: बहुतेक प्रवास हायवेवर असेल तर सुपर मीटिअर. दोन सिलिंडरचं इंजिन डबलसीटही दमत नाही, ७४० मिमी उंचीच्या सीटमुळे पाय पक्के टेकतात. पण वजन २४१ किलो आणि मागच्या सस्पेन्शनची हालचाल जेमतेम १०१ मिमी. उखडलेल्या घाटात दणका मागच्याच्या कण्यात, कारण तो जवळपास चाकावरच बसलेला असतो! तिथे २०० मिमीवाली हिमालयन सरस. सीट मात्र ८२५ मिमी, बुटक्यांनी आधी बसून बघावं.

गाडी कुठलीही घ्या, डबलसीट निघताना मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा. नाहीतर मागची बाजू दबते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जड सामान टॉप बॉक्समध्ये (सीटमागच्या उंच पेटीत) नको, पुढचं चाक हलकं पडतं.