सिलिकॉनमध्ये लिथियम मावते, पण मुरत का नाही?

प्रश्न : लिथियम-आयन बॅटरीच्या अ‍ॅनोडमध्ये (चार्ज करताना लिथियम जिथे साठते त्या ऋण टोकात) ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन वापरले, तर जवळजवळ दहापट लिथियम मावते असे वाचनात आले. मग सर्रास सिलिकॉनच का वापरत नाहीत? त्याने चार्जिंगही जलद होईल का?

उत्तर : आकडा खरा आहे. ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास आहे, तर सिलिकॉनची सुमारे 3,580. कारण लिथियमच्या एका अणूसाठी कार्बनचे सहा अणू लागतात, उलट सिलिकॉनचे चार अणू लिथियमचे पंधरा अणू सामावून घेतात. अडचण नेमकी या पाहुणचारातच आहे. ग्रॅफाइटमध्ये लिथियम थरांमधल्या फटींत शिरते आणि त्याचे आकारमान दहाएक टक्क्यांनीच वाढते. सिलिकॉनचा कण मात्र फुगून जवळजवळ चौपट होतो आणि बॅटरी वापरताना पुन्हा आक्रसतो. कणावर इलेक्ट्रोलाइटपासून (आयन वाहून नेणाऱ्या द्रवापासून) तयार झालेला संरक्षक पापुद्रा प्रत्येक फुगवट्यात फाटतो, उघड्या पडलेल्या जागी नवा पापुद्रा धरतो आणि त्यात दर वेळी थोडे लिथियम कायमचे अडकून पडते.

या फुगण्या-आक्रसण्याने मोठे कण तडकतातही; सुमारे 150 नॅनोमीटरहून लहान कण सहसा तडकत नाहीत. पण कण जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग मोठा आणि पापुद्र्यात जाणारे लिथियमही जास्त. म्हणून कार्बनच्या कवचात, कवचाला न चिकटलेल्या बलकासारखा सिलिकॉनचा कण ठेवून भोवती फुगायला मोकळी जागा सोडतात. माझ्या मते खरी रचना या रिकाम्या जागेचीच असते. मात्र ती जागा आकारमान खाते, त्यामुळे वजनामागे दिसणारा फायदा लिटरमागे बराच घटतो. म्हणूनच बाजारातल्या बहुतेक सेलमध्ये सिलिकॉन किंवा त्याचे ऑक्साइड ग्रॅफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेले असते.

जलद चार्जिंग हा वेगळा प्रश्न आहे. ग्रॅफाइटचे विभव (विद्युत पातळी, व्होल्टमध्ये) लिथियम धातूच्या विभवापेक्षा जेमतेम 0.1 व्होल्टने वर असते, त्यामुळे विद्युतप्रवाह फार वाढवला, विशेषतः थंडीत, की लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातुरूपात साचते. लिथियम टायटॅनेट या अ‍ॅनोडच्या आणखी एका पदार्थाचे विभव लिथियम धातूच्या तुलनेत सुमारे 1.55 व्होल्ट असल्याने हा धोका जवळजवळ उरत नाही, शिवाय ते फुगतही नाही; पण क्षमता ग्रॅममागे 175 मिलिअँपिअर-तासच मिळते आणि सेलचा विद्युतदाबही (व्होल्टेज) उतरतो. सिलिकॉनची मदत होते ती आडवाटेने : तेवढाच विद्युतभार साठवायला अ‍ॅनोडच्या पदार्थाचा लेप पातळ पुरतो, आणि आयनांना विसरणाने (आपोआप पसरत जाण्याने) लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने निम्म्या जाडीच्या लेपातून ते साधारण चौथ्या हिश्श्याच्या वेळात पार होतात.