रुग्णवाहिकेसाठी वेगळा विमा हवा का?

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांना हृदयविकार आहे. रुग्णवाहिकेच्या खर्चासाठी स्वतंत्र विमा घ्यावा का?
– एक वाचक, मेढा, जि. सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. १०८ क्रमांकाची शासकीय रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून विनामूल्य मिळते, त्यामुळे घरून जवळच्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यासाठी सहसा विमा लागत नाही. मोठा खर्च येतो तो साताऱ्याहून सुमारे ११० किलोमीटरवरच्या पुण्याला, व्हेंटिलेटर असलेल्या खासगी रुग्णवाहिकेतून रुग्णाला हलवावे लागले तर. म्हणून वडिलांच्या चालू आरोग्य विम्यातील रुग्णवाहिकेचे कलम आधी वाचावे. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही भरपाई रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रत्येक प्रसंगी कमाल २,००० रुपयेच असते, आणि ती पुण्याच्या फेरीला तोकडी पडते. एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवण्याचा खर्च मिळतो का, हे कंपनीला लेखी विचारावे. तेवढ्यासाठी नवा हप्ता भरण्यापेक्षा ती रक्कम बचत खात्यात, चटकन काढता येईल अशी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांचा मूळ आरोग्य विमाच नसेल, तर मात्र आधी त्याची चौकशी करावी.