प्रीमियर पद्मिनी गाडीचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बदलल्यावर चढावर इंजिन टकटकतं, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) घरी लावता येईल का?

येईल. पण आधी पॉइंटचा गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) नीट लावा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. तुमची टकटक बहुधा इथूनच आली असावी.

मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने सुलट फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशन आलं. पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणा. खूण ओलांडली तर नुसतं मागे घेऊन थांबू नका. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर चेन-गिअरमधली ढिलाई फसवते. डिस्ट्रिब्यूटरचं (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं) झाकण काढल्यावर रोटर (आतला फिरणारा तुकडा) पहिल्या प्लगच्या वायरकडे दिसला पाहिजे.

आता १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या: एक टोक कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीकडून) डिस्ट्रिब्यूटरला येणाऱ्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून तो आधी रोटरच्या दिशेने थोडा फिरवा, लॅम्प विझेल. मग उलट दिशेने हळूहळू आणा. लॅम्प लागला त्याच क्षणी थांबा, बोल्ट आवळा. इग्निशन लगेच बंद करा, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापते.

शेवटी रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्षणभर हलकी टकटक होऊन थांबली तर ठीक. चालूच राहिली तर डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेने केसभर फिरवा. टकटक अंगावर काढू नका, पिस्टन जातो.