दूध समोर काढलं, मग तपासायचं काय?

म्हशीच्या कच्च्या दुधाच्या तपासणीबद्दल बरेच प्रश्न आलेत. त्यातले सहा इथे घेते. दूध संकलनाच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं कच्चं दूध तपासलं. त्यामुळे उत्तरं पुस्तकातून कमी आणि गोठ्यातून जास्त येतील.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पितात. म्हैस समोर उभी, धार समोर, पाण्याचा थेंब नाही. आता मुलगा तालमीत जातो, त्यालाही नेतो. असल्या दुधाची तपासणी करायची गरज आहे का? (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

गरज आहे. अडचण एवढीच की ती तपासणी वेळेत होऊ शकत नाही.

कट्ट्यावरच्या त्या कोमट, फेसाळ पेल्याचं मोल मला माहीत आहे. मी याच गावात वाढले, वडिलांचं बोट धरून तिथे उभी राहिले. पण दूध समोर काढलं यावरून एकच गोष्ट सिद्ध होते : त्यात पाणी घातलेलं नाही. जिवाणू कुठे समोरून येतात? ते चार वाटांनी येतात : कासेच्या आतून, सडांच्या कातडीवरून, धार काढणाऱ्याच्या हातावरून आणि भांड्यातून. पुढच्या वेळी जाल तेव्हा पेल्याकडे न बघता हाताकडे बघा. म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट असतं, कोरडा हात सरत नाही, म्हणून गवळी बोटं ओली करून घेतो. कधी पाण्यात, कधी त्याच चरवीतल्या दुधात. मध्येच शेपटी अंगावर आली तर ती बाजूला सारतो ती त्याच हाताने. यात त्याची लबाडी नाही, धार काढायची ती जुनी रीत आहे. पण सडावरचं, शेपटीवरचं जे काही आहे ते थेट तुमच्या पेल्यात येतं.

आता तपासणीचं बघा. दुधात एकूण जिवाणू किती हे मोजायचं तर दूध पातळ करून ताटलीतल्या माध्यमावर वाढवावं लागतं आणि ताटली ३७ अंशांवर ४८ तास ठेवावी लागते. म्हणजे अहवाल हातात येतो तेव्हा ते दूध पिऊन दोन दिवस झालेले असतात. आणि आजची म्हैस, आजचा हात, आजचं भांडं यांच्याबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही. म्हणून माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे : तपासणी गोठा सुधारण्यासाठी करायची, पेल्यासाठी मात्र चूलच पेटवायची.

ब्रुसेलोसिस, क्षय, क्यू फीव्हर, साल्मोनेला यांचे जंतू ज्या दुधात असतात ते दूध दिसायला, वासाला, चवीला उत्तम असू शकतं. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने ताप यायचा. तो हाच ब्रुसेलोसिस. त्याचा जंतू लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. पण तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतो हे कळायला १९०५ उजाडलं. पुढच्या वर्षी सैनिकांचं ते दूध बंद केलं आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. इतकी वर्षं ते दूध कोणालाच वाईट लागलं नव्हतं.

मुलाला कट्ट्यावर जरूर न्या. दूध किटलीत घ्या, घरी आणून उकळा, मग द्या. प्रथिनं, कॅल्शियम आणि स्निग्धांश उकळल्याने जात नाहीत. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण पैलवानाचं अंग त्यांच्यावर उभं राहत नाही.

प्रश्न : मी घरी लॅक्टोमीटर आणलाय. रतीबाच्या दुधाची डिग्री रोज ३० येते, साय जाड येते. म्हणजे दूध सुरक्षित समजायचं ना? (एक गृहिणी, कळंबा)

नाही. लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगतो. पाणी घातलं की डिग्री उतरते आणि साय काढली की चढते. दोन्ही बेताने केलं तर डिग्री पुन्हा ३० वर येते. जिवाणूंचं वजन त्याला कळायचं नाही, दुधात दहा हजार असोत की दहा कोटी. साय जाड येते कारण म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ८ टक्के फॅट असतं. त्याचाही स्वच्छतेशी संबंध नाही. तुमचा गवळी पाण्याच्या बाबतीत बहुधा प्रामाणिक आहे, इतकंच यातून कळलं.

प्रश्न : कागल तालुक्यात माझ्या सहा म्हशी आहेत. फॅट साडेसात लागतं, दूध कधी परत आलं नाही. परवा नमुना तपासला तर ‘एमबीआरटी एक तास’ असा आला. हे काय प्रकरण आहे आणि मी कुठे चुकतोय? (एक दूध उत्पादक)

या प्रश्नाला जास्त जागा देते, कारण खरं काम इथेच आहे.

एमबीआरटी म्हणजे मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची चाचणी. निर्जंतुक नळीत १० मिली दूध, त्यात १ मिली रंग, बूच लावून ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचं, उजेड लागू द्यायचा नाही. दूध आभाळासारखं निळं दिसतं. दुधातले जिवाणू श्वसन करतात, दुधात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो संपला की निळा रंग उडतो आणि दूध पुन्हा पांढरं होतं. जिवाणू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. दुधात मलई वर चढते आणि जिवाणूंनाही वर नेते, म्हणून दर अर्ध्या तासाने नळी उलटीसुलटी करतात. रंग पाच तास किंवा जास्त टिकला तर दूध उत्तम, तीन-चार तास चांगलं, एक-दोन तास बरं आणि अर्ध्या तासात गेला तर खराब. तुमचं दूध ‘बरं’च्या शेवटच्या पायरीवर आहे. साडेसात फॅट ही म्हशीची कमाई. एक तास ही आपल्या हाताळणीची.

हिशेब साधा आहे. ताज्या दुधात मिलीला दहा हजार जिवाणू धरा. उन्हाळ्यात कॅन तसाच ठेवला तर सुरुवातीचा थोडा वेळ दूध स्वतःच त्यांना थोपवतं, पण एकदा ते वाढायला लागले की अर्ध्या तासात दुप्पट होतात. चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे पंचवीस लाखांवर. तुमच्याकडे संध्याकाळचं दूध सकाळच्या दुधात मिसळून जात असेल तर शोध तिथेच संपला.

तसं नसेल तर पायरीपायरीने नमुने घ्या. पहिल्या दोन-तीन धारा टाकून थेट सडातून एक. चरवीतून एक. कॅनमधून एक. दूध संस्थेच्या दारात एक. प्रत्येक वेळी निर्जंतुक बाटली, दूध नीट ढवळून, बाटल्या बर्फात, पण दूध गोठू न देता, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत. चारही एकाच वेळी लावा. ज्या दोन पायऱ्यांमध्ये रंग टिकण्याची वेळ एकदम घसरते, चूक तिथे आहे. सडातलंच दूध घसरलेलं असेल तर कासेत दुखणं, म्हणजे दगडी (कासदाह), आहे. काळ्या वाटीत पहिल्या धारा घेऊन गुठळ्या दिसतात का बघा. दगडी उघड नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्के पाणी आणि तितकंच दूध एकत्र हलवा. मिश्रण शेंबडासारखं झालं तर त्या सडाला छुपी दगडी आहे. चारही सड वेगवेगळे तपासा.

मी गोठ्यावर गेले की म्हशीआधी कॅनचं झाकण उघडते आणि त्यातली रबरी रिंग काढते. रिंगेखाली बोट फिरवलं की पिवळसर, चिकट थर हाताला लागतो, आंबट वास येतो. कॅन आतून लखलखीत असतो आणि हा थर महिन्याचा असतो.

एका गोठ्यात तर रिंगही साफ होती. हात धुतलेले, सड पुसलेले, दूध तासाभरात संस्थेत. तरी रंग दीड तासात जायचा. चरवीपर्यंत सगळं ठीक, कॅनमध्ये घसरण. मधल्या पायरीवर होतं गाळायचं फडकं. घरची बाई रोज दोनदा धुवायची आणि दाराआड खिळ्याला लावायची. तिथे ऊन येत नव्हतं. फडकं रोज धुतलं जायचं, वाळायचं मात्र कधीच नाही. रोज उकळून उन्हात घालायला सांगितलं. तीन दिवसांनी त्याच कॅनच्या दुधाचा निळा रंग चार तास टिकला. त्या माऊलीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरलेले नाही, कारण सहा महिने बोलणी तिनेच खाल्ली होती.

तुमच्यासाठी क्रम असा : सड धुऊन प्रत्येक म्हशीला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसा. म्हैस डुंबून आली असेल तर पोटावरून पाणी निथळत असताना धारेला बसू नका. रेडकू सोडून पान्हा घेत असाल तर नंतर सड पुन्हा धुवा. भांडी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन पालथी वाळवा. धार झाल्यावर सड औषधात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील आणि सडाचं तोंड मिटायला वेळ मिळेल. त्या आधी ती शेणात बसली तर दगडीला आमंत्रणच.

प्रश्न : आमच्या संस्थेत संशय आला की दूध उकळून बघतो. फाटलं नाही तर घेतो. तेवढं पुरेसं आहे का? (एका गावच्या दूध संस्थेचे सचिव)

उकळून फाटतं ते दूध नासण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरचं असतं. म्हशीच्या ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१४ ते ०.१६ टक्के असते. उकळताना फाटायला ती ०.२ च्या बरीच पुढे जावी लागते. तोवर तुम्ही ते दूध बाकीच्या दुधात ओतलेलं असतं. ६८ टक्क्यांचं अल्कोहोल आणि दूध समप्रमाणात मिसळून बघा, कण दिसले तर दूध बाजूला काढा. ही चाचणी आधी बोलते. मात्र नुकत्या व्यालेल्या म्हशीचं, आटत आलेल्या म्हशीचं आणि दगडीचं दूधही कण दाखवतं, तेव्हा उत्पादकावर लगेच आळ घेऊ नका.

आणखी एक सांगते. कोणी खाण्याचा सोडा घातला असेल तर आम्लता झाकली जाते आणि आंबलेलं दूध तुमच्या चाचणीत पास होतं. रोझॅलिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गुलाबी-लाल रंग आला की ते उघडं पडतं. तसंच हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा प्रतिजैविक असलेल्या दुधात निळा रंग सात-सात तास टिकतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी, दोन तास प्रवास करून आलेल्या दुधाचा निकाल असा अवाच्या सवा चांगला आला तर खूश न होता संशय घ्यावा.

प्रश्न : आमची म्हैस आठव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला). आता दूध देतेय. घरात वापरायचं का? (एक वाचक, पन्हाळा तालुका)

तपासणी होईपर्यंत न उकळता एक थेंबही नाही. ताक, लोणी, विरजण काहीही करायचं तर दूध आधी उकळून. शेवटच्या तीन महिन्यांत म्हैस गाभडली की पहिला संशय ब्रुसेलोसिसचा घ्यायचा. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून म्हशीचं रक्त तपासून घ्या. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, दवाखान्यामार्फत नमुने तिकडे पाठवता येतात. गोठ्याच्या एकत्र दुधाची ‘रिंग टेस्ट’ही असते : रंगवलेले मृत जंतू दुधात मिसळतात आणि मलईच्या थरावर निळं कडं आलं तर गोठ्यात रोग असण्याची दाट शक्यता.

दुधापेक्षाही मला काळजी आहे ती तुमच्या हातांची. गाभडलेलं पिल्लू आणि वार उघड्या हाताने उचलली होती का? तसं असेल, आणि पुढच्या काही आठवड्यांत येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना ‘आमची म्हैस गाभडली होती’ हे आवर्जून सांगा. नाहीतर हिवताप, विषमज्वर अशा तपासण्यांत महिने जातात. उपचार किमान सहा आठवड्यांचा असतो, मध्येच सोडायचा नाही. पुन्हा असं झालं तर हातमोजे घाला आणि वार कुत्र्यांना न टाकता चुन्यासकट खोल पुरा. घरात चार ते आठ महिन्यांची पारडी असेल तर तिला ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती येते. रेड्याला आणि गाभण म्हशीला ती देत नाहीत.

प्रश्न : सकाळी सातला आलेलं दूध कामाच्या घाईत दुपारी उकळते. फाटत नाही. लहान बाळ आहे, चालेल का? (एक वाचक, राजारामपुरी)

बाळासाठी तर नकोच. उकळल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू उबेत वाढताना जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही. दगडीच्या सडातून आणि हातावरच्या जखमेतून ते दुधात येतात. दूध आलं की तासाभरात उकळा. साय धरू न देता ढवळत राहा, चांगली उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं ठेवा, मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि फ्रिजमध्ये टाका. सकाळी तेवढाही वेळ नसेल तर दूध आल्या आल्या कच्चंच फ्रिजच्या मागच्या कप्प्यात, झाकण लावून ठेवा. दुपारी उकळलेलं चालेल.