थायरॉईडच्या गोळीने पायावर जांभळे ठिपके येऊ शकतात का?

थायरॉईडची गोळी सुरू आहे, नडगीवर जांभळे ठिपके आलेत आणि ‘रक्तवाहिन्यांना सूज’ हा शब्द ऐकून घाबरलाय, असं तुम्ही लिहिलंय. गोळीनं असं होऊ शकतं, पण सगळ्या गोळ्यांनी नाही. आधी पाकिटावरचं नाव वाचा. थायरॉईड कमी असल्यावर देतात ती थायरॉक्सिन. तिचा यात सहसा हात नसतो. थायरॉईड वाढल्यावर कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा पीटीयू (म्हणजे प्रोपिलथायोयुरॅसिल) देतात. भानगड करणाऱ्या याच, त्यातही पीटीयू सगळ्यात जास्त.

माझी पीटीयूच होती. मूल हवं होतं, आणि गरोदरपणाच्या पहिल्या 3 महिन्यांत तीच बरी मानतात, म्हणून कार्बिमाझोल बदलून दिलेली. दीड-दोन वर्षं काही झालं नाही. मग ठिपके आले. नुकतीच महाद्वार रोडवरनं नवी चप्पल घेतलेली, त्यामुळं सासूबाईंनी निकाल देऊन टाकला: कातडं बाधलं. मी आपली खोबरेल चोळत बसले. चप्पल नडगीला कुठं लागते, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही!

ठिपके बोटानं दाबले तरी फिके पडत नव्हते. पुढं घोटे-गुडघे धरले, बारीक ताप यायला लागला. चिकुनगुन्याची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी साधी लघवी तपासायला सांगितली. त्यात रक्तपेशी आणि प्रथिनं सापडली, आणि मला लघवीचा काडीचा त्रास नव्हता. मग ‘अँका’ नावाची रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. या गोळीनं काहींच्या शरीरात आपल्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्या पेशी बिथरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजवतात. मूत्रपिंडं आणि फुप्फुसं म्हणजे अशा वाहिन्यांचं जाळंच, म्हणून खरी काळजी तिथली.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. नुसत्या कातडीवर असतं तेव्हा बऱ्याच जणांना तेवढ्यानंच उतार पडतो. माझं मूत्रपिंडापर्यंत गेलेलं, म्हणून काही महिने स्टिरॉईड घ्यावी लागली. तोंड सुजून भोपळा झालं होतं, ते वेगळंच. परत कार्बिमाझोल घेऊ का, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, नको, ती हिचीच चुलत बहीण. पुढं रेडिओआयोडीन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं काम थांबवणारं किरणोत्सर्गी आयोडीन घेतलं. आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन.

तुमची गोळी त्या तिघींपैकी असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा आणि लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. खोकल्यातून रक्त आलं, दम लागला किंवा लघवी लाल झाली तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ताप आणि घसादुखी एकदम आली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या. या गोळ्यांनी त्याही घटू शकतात.

आणि पाकीट सोबत न्या. मी पहिल्या ठिकाणी नुसतं “थायरॉईडची गोळी चालू आहे” म्हणाले, तर त्यांनी थायरॉक्सिन समजून मला खाजेचं मलम देऊन घरी पाठवलं होतं.